एकट्याने मोटारसायकलवर : घरच्यांनी काय विचारावे?

सध्या आपल्या बऱ्याच घरांतून एक नवाच विषय निघू लागला आहे. मुलगा नोकरीला लागतो, दोन-तीन वर्षांत हप्त्यांवर एक उंच, दांडगी मोटारसायकल दारात आणून उभी करतो आणि एके दिवशी जेवताना सांगून टाकतो की, यंदा स्पितीला जाणार, एकटाच. आई गप्प होते, वडील तावातावाने बोलू लागतात, आजी विचारते, "अरे, त्या मुलखात आपलं आहे तरी कोण?" काही घरांत हा हट्ट मुलीचा असतो, तेथे आवाज जरा जास्तच चढतो. "नाही म्हणजे नाही" असे एका बाजूने आणि "तुम्हाला यातलं काही कळत नाही" असे दुसऱ्या बाजूने, हे दोन दिवस चालते. शेवटी जाणारा जातोच. घरच्यांच्या हाती मात्र काळजीखेरीज काही उरत नाही.

माझे म्हणणे असे की, या बाबतीत रागावण्यापेक्षा माहिती करून घेणे अधिक उपयोगाचे. ज्याला नेमका प्रश्न विचारता येतो, त्याला पोरे उत्तर देतात. म्हणून आजचा हा विषय.

आधी ही गाडी कोणती ते पाहू. तरुण मंडळी जिला ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात, ती डांबरी रस्त्यावर दिवसभर पळावी आणि डांबर संपल्यावरही चालत राहावी, अशा बेताने बनवलेली असते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली 'आर ८० जी/एस' नावाची गाडी काढली. तेव्हापासून या जातीच्या मोठ्या गाड्यांचा जमाना सुरू झाला, असे मानतात. पुढच्याच वर्षी तिने पॅरिस-डाकार ही वाळवंटातली अवघड शर्यत जिंकली आणि तिचे नाव झाले. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची 'हिमालयन' २०१६ साली आणि हिरोची 'एक्सपल्स २००' २०१९ साली आली आणि ही हौस पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंची. मोठे चाक दगडावर अडत नाही, चढून जाते. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनचे वजन पेट्रोल धरून १९६ किलो आहे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता जमीन. डांबर सुटले की खाली काय लागते याला आपल्या भाषेत एक नाव नाही, पुष्कळ नावे आहेत. मुरूम, खडी, वाळू, गोटे, फुफाटा. नावे वेगळी, कारण प्रत्येकाची वागणूक वेगळी. पण सर्वांत एक गोष्ट सारखी : टायर ज्यावर उभा असतो तेच जागेवर नसते. खडीवर रबराची पकड खडीला बसते खरी, पण ती खडी दुसऱ्या खडीवर सुटी पडलेली असते. म्हणून पुढचे चाक सारखे डावी-उजवीकडे हलत राहते. नवख्याला वाटते की गाडी हातातून चालली. तो हँडल गच्च धरतो, खांदे ताठ करतो, ब्रेक दाबतो, आणि तेथेच पडतो.

वास्तविक गाडी पडत नसते, ती आपली वाट शोधत असते. पुढच्या चाकाची मांडणीच अशी तिरकी केलेली असते की, चालत्या गाडीचे चाक हलले तरी ते आपोआप सरळ होऊ पाहते. चालवणाऱ्याने फक्त त्याच्या आड येऊ नये. हँडल हलक्या हाताने, हातात चिमणी धरावी तसे धरायचे. रेस एकसारखी ठेवायची, कारण वाळूत किंवा जाड मुरुमात मध्येच रेस सोडली की वजन पुढे येते आणि पुढचे चाक नांगरासारखे रुतते. नजर चाकापुढच्या दगडावर नको, वीस-पंचवीस पावलांपुढच्या वाटेवर हवी. जिकडे डोळे तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो, हे सायकल शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

असल्या वाटेवर ही मंडळी गाडीवर उभी राहून का चालवतात, असा प्रश्न घरातल्या मोठ्यांना पडतो. फोटो काढण्यासाठी उभे राहतात असेच बऱ्याच जणांना वाटते. (काही जण त्यासाठीही उभे राहतात, ते सोडा.) बसलेला माणूस म्हणजे सीटवर बांधलेले पोते, गाडीला जो धक्का, तोच त्याच्या कण्याला, आणि गाडी जिकडे कलली तिकडे तोही कलणार. उभ्या माणसाचे वजन पायाखालच्या फूटरेस्टवर पडते. गुडघे आणि कंबर स्प्रिंगसारखी काम करतात. गाडी खाली नाचत राहते आणि अंग मात्र बऱ्यापैकी स्थिर असते. वळणावर डांबरात आपण गाडीबरोबर आत झुकतो. सैल जमिनीवर उलटे करतात. गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेरच्या बाजूला तोलून धरायचे, म्हणजे टायर खडीवर दाबून बसतो, खालून निसटत नाही.

ब्रेकचे गणितही बदलते. उतारावर इंजिनलाच ब्रेक करायचे, म्हणजे पहिला-दुसरा गिअर टाकून, क्लच न दाबता हळू उतरायचे. पुढचा ब्रेक एका-दोन बोटांनी, चाक सरळ असतानाच. नव्या गाड्यांत एबीएस असते. ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ नये, म्हणून ते ब्रेक क्षणोक्षणी सोडते आणि पकडते. डांबरावर ते जीव वाचवते. सुट्या खडीवर मात्र जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग करून थांबते आणि एबीएस नेमके तेच होऊ देत नाही. गाडी उतारावरून घरंगळतच जाते. म्हणून या गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय ठेवलेली असते. डांबरावर परतताच ते पुन्हा चालू करायचे असते. मुलाला हे बटण कोठे आहे एवढे विचारून पाहावे. उत्तरासाठी त्याला मोबाईल उघडावा लागला, तर त्याचा अभ्यास कच्चा आहे असे समजावे.

हे सर्व शिकायला हिमालयात जावे लागत नाही. आपल्या गावाकडच्या पाणंद रस्त्यावर, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात, खडी टाकून ठेवलेल्या अर्धवट रस्त्यावर चार रविवार घालवले तरी पुष्कळ येते. आणि खरे सांगायचे तर आपल्या खेड्यापाड्यांतली माणसे हे रोजच करतात. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पावसाळ्यात चिखलातून येणारा दूधवाला, वाडीवस्तीवर जाणारी आशाताई, घाट उतरून शाळेत पोचणारे मास्तर, यांच्या या चालवण्याला कोणी साहस म्हटले नाही की त्याचे फोटो काढले नाहीत. त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. पण त्यांच्यात आणि स्पितीला निघालेल्या आपल्या मुलात दोन फरक आहेत. दूधवाल्याची गाडी ११०-११५ किलोची असते, पडली तर तो ती शिव्या देत एकटा उचलतो. आणि तो खऱ्या अर्थाने एकटा नसतोच. घटकाभरात कोणी तरी ओळखीचे त्या वाटेने येते.

येथे मघाचा १९६ किलोचा आकडा आठवावा. त्यात सामानाचे वीस-पंचवीस किलो मिळवावेत. सैल जमिनीवर गाडी पडणारच, हे धरून चालावे लागते. चांगल्या चांगल्यांची पडते. हळू वेगात पडली तर बहुधा कोणाला फारसे लागत नाही. प्रश्न पडण्याचा नाही, उचलण्याचा आहे. एकट्याने जाणाऱ्यासाठी माझ्या मते खरी कसोटी हीच. आपली सामानासकट गाडी आपल्याला एकट्याला, दमलेल्या अवस्थेत, तीन वेळा उचलता येते काय? येत नसेल तर एक तर गाडी हलकी घ्यावी, नाही तर सोबत घ्यावी, नाही तर वाट सोपी निवडावी. चौथा मार्ग नाही.

उचलण्याचीही रीत असते आणि ती ताकदीपेक्षा युक्तीची आहे. प्रथम इंजिन बंद करायचे, सामान सोडवून बाजूला ठेवायचे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचे, नाही तर उचललेली गाडी पलीकडे आडवी होते. गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक फिरत नाही. उतार असेल तर चाके उताराच्या बाजूला येतील अशी ती जमिनीवरच ओढून फिरवायची. मग गाडीकडे पाठ करून, कंबर सीटला टेकवून खाली बसायचे, एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला, आणि पाठ न वाकवता पायांच्या जोराने, लहान लहान पावले मागे टाकीत उठायचे. अंगाने बारीक असलेल्या मुलीही अशा रीतीने मोठी गाडी उभी करतात. कमरेत वाकून, हँडलला धरून हिसका मारणारे पहिलवान मात्र पाठ धरून बसतात. हा प्रयोग घराच्या अंगणात, जुनी गोधडी अंथरून, निघण्याच्या आधी करून घ्यावा. सगळ्या घराने पाहावा. गाडीला थोडे ओरखडे पडले तर पडू द्यावेत.

सामानाची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. दिसायला रुबाबदार म्हणून बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावण्याची सध्या पद्धत आहे. तोल जाताना माणूस नकळत पाय खाली टेकवतो. गाडी पुढे सरकते आणि तो पाय पेटीखाली येतो. पेटी दबत नाही, पाय पिळवटतो. कापडी झोळ्या स्वस्त, हलक्या आणि दबणाऱ्या. घोट्याच्या वरपर्यंत येणारे टणक बूट मात्र हवेतच. हेल्मेटनंतर खर्च करायचा तर त्यांच्यावर.

आता स्पितीचा रस्ता. मनालीहून अटल बोगदा किंवा रोहतांग ओलांडून ग्रामफूला यावे, तेथून काजापर्यंत जवळजवळ १४० किलोमीटर. अलीकडच्या वर्षांत रुंदीकरणाची कामे हाती घेतली गेली असली, तरी छत्रू, बातल या बाजूला दगडगोटे, वाळू आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले हाच कित्येक वर्षे या रस्त्याचा लौकिक राहिला आहे. मध्ये साडेचार हजार मीटरवर कुंझुम खिंड. काजापर्यंत पेट्रोल नाही, मोबाईलला बहुतेक वाटेत खूण नाही. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंदच असतो. पुढे ताबोचा इ. स. ९९६चा विहार आहे, तो पाहावा अशी आपल्या अनेकांची इच्छा असते, आणि ती रास्त आहे. पण ताबोला सिमला-किन्नौरकडूनही रस्ता जातो, आणि त्या बाजूने उंची हळूहळू वाढते, हे फार थोड्यांना माहीत असते.

उंचीचा आणि एकटेपणाचा संबंध फार जवळचा आहे. कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांहून कमी असतो. खाली जी गाडी सहज उचलली, ती तेथे एकदा उचलली की माणूस दहा मिनिटे धापा टाकत बसतो. त्याहून वाईट म्हणजे डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे बळावत गेली, तर माणसाचा तोल जातो आणि विचारही सरळ राहत नाही. सोबती असता तर त्याने ओळखले असते, "अरे, तू असा काय बोलतोस?" म्हणून विचारले असते. एकट्याचे बिघडलेले डोके स्वतःला बिघडलेले म्हणत नाही. म्हणून नियम आधीच, शाबूत डोक्याने ठरवून ठेवायचे : तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज सुमारे पाचशे मीटरहून अधिक वर न्यायची नाही, डोके दुखत असताना वर चढायचे नाही, त्रास वाढला तर रात्र न काढता खाली उतरायचे. मनालीहून निघून त्याच दिवशी चंद्रतालला मुक्काम, ही घाई पुष्कळांना भोवते. दोन हजार मीटरवरून एका दिवसात सव्वाचार हजारांवर!

नाल्यांचेही वेळापत्रक असते. पाणी वरच्या बर्फाचे, म्हणून सकाळी कमी आणि ऊन चढेल तसे वाढत जाते. सकाळी पोटरीभर असलेला नाला दुपारी गुडघ्याच्या वर येतो. पाणी गढूळ, तळाला सुटे गोटे. एकट्याने तो आधी पायी चालून पाहावा. ज्या पाण्यात चालताना पाय टिकत नाही, त्यात गाडीही टिकत नाही. गाडी ढकलत न्यायची वेळ आली तर आपण प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहावे, नाही तर पाणी गाडी आपल्याच अंगावर लोटते. दुपारी उशिरा पोचलो आणि पाणी वाढले, तर अलीकडच्या ढाब्यावर रात्र काढून पहाटे उतरावे. यात कमीपणा काही नाही.

परत फिरणे ही या छंदातली सर्वांत अवघड विद्या आहे असे मला वाटते. सैल उताराचा एक गुण मोठा फसवा आहे : उतरता येते ते चढता येईलच असे नाही. खडीच्या तीव्र उतारावरून गाडी घसरत का होईना खाली जाते. पुढे वाट बंद निघाली तर तीच खडी चढताना मागचे चाक जागेवर फिरत राहते आणि माणूस दोन अवघड जागांच्या मध्ये अडकतो. सोबत असेल तर मागून ढकलायला हात मिळतात. एकट्याने, ज्या उतारावरून परत वर येता येईल याची खात्री नाही, तो उतरूच नये.

हा केवळ मुलांचा विषय नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडची एल्स्पेथ बेअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९८२ साली जुन्या बीएमडब्ल्यूवर एकटी निघाली आणि जगाला फेरी मारून १९८४ साली परतली. वाटेत ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यावर तिला मोठा अपघात झाला; बरी होऊन ती पुढे निघाली. अगदी अलीकडे, २०१८ साली, नेदरलँड्सच्या नोरालीने आपल्याच देशात हिमालयन विकत घेतली, तिचे नाव 'बसंती' ठेवले आणि त्या गाडीवर ती आपल्या मायदेशापर्यंत गेली. दोघी बेफिकीर नव्हत्या म्हणून पोचल्या. दुसऱ्या बाजूला आपल्या सी. एस. संतोषचे उदाहरण आहे. डाकार शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय, २०१५ साली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शर्यतीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो जबर जखमी झाला, त्याला उचलून रियाधच्या इस्पितळात न्यावे लागले, औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. इतक्या कसबी माणसालाही जमीन दगा देते. मात्र त्याच्यामागे हेलिकॉप्टर आणि डॉक्टरांचे पथक तयार होते. आपल्या मुलामागे तसे काही नसते. उपग्रहावरून निरोप देणारी परदेशी यंत्रे सोबत न्यावीत असे काही जण सुचवतात. पण सरकारी परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि त्यापायी परदेशी प्रवासी अडचणीत आलेले आहेत.

तेव्हा उरतो तो कागद. निघण्याआधी मुलाने किंवा मुलीने एका कागदावर रोजचा मार्ग, मुक्कामाचे गाव आणि पोचण्याची वेळ लिहून घरी ठेवावी. गाडीचा नंबर, रक्तगट, विमा कोणत्या कंपनीचा, हेही. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला आहे काय, त्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, आणि लायसन्सची मुदत आहे काय, एवढे वडिलांनी स्वतः पाहावे. रोज मुक्काम बदलण्याची मुभा असावी, पण मार्ग बदलला तर फोन लागतो त्या शेवटच्या गावातून तसे कळवायचे.

आणि किती वाट पाहायची तेही त्याच कागदावर ठरलेले असावे, कारण आईचे मन सहा वाजताच घाबरे होते आणि मुलाला मात्र रात्री नवापर्यंत फोनची खूण मिळालेली नसते. बातलला रात्र काढली तर त्या दिवशी फोन येणारच नाही, हे आधी माहीत असले म्हणजे घर जागे राहत नाही. ठरलेल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत निरोप नाही, तर चौकशी सुरू करायची, असे काहीसे पुरेसे आहे. येथून ११२ फिरवला तर फोन आपल्या राज्याच्या कक्षात लागतो, हिमाचलच्या नाही; म्हणून काजा व केलाँगच्या पोलिसांचे आणि जेथे उतरणार त्या ठिकाणांचे नंबर त्याच कागदावर, मोठ्या अक्षरात, आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील असे लिहावेत आणि कागद देव्हाऱ्यात किंवा कपाटात न ठेवता दाराजवळ चिकटवावा.